पटाच्या फाटकावर लसीचा दाखला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत यात्रेच्या निमित्ताने शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, भरवणाऱ्या समित्यांसाठी आणि जोडी घेऊन येणाऱ्या मालकांसाठी हे लिहिलं आहे. फाटकावर उभ्या राहणाऱ्या पोरांना दर हंगामात तेच ते प्रश्न येतात. काही उत्तरं जरा लांबली आहेत, कारण खरी भांडणं त्याच ठिकाणी होतात.

बैल पळायला आणलेत, विकायला नाही. मग लसीचा दाखला कशाला?

बाजार काय आणि पट काय, रोगाला दोन्ही सारखेच. गावोगावची जनावरं एका मैदानात येतात, शेजारी शेजारी बांधली जातात, एकाच हौदावर पाणी पितात आणि संध्याकाळी आपापल्या गोठ्यात परत जातात. बाजारात निदान जनावर एकदाच हात बदलतं. पटाची जोडी आज या गावात, तर पुढच्या आठवड्यात चाळीस कोसांवर.

खान्देशला हे वेगळं सांगायची गरज पडू नये. २०२२ साली राज्यात लम्पीची, म्हणजे गुरांच्या अंगावर गाठी आणणाऱ्या रोगाची, मोठी साथ पसरली, तिचा पहिला रुग्ण ४ ऑगस्टला रावेर तालुक्यातल्या चिनावलला सापडला. महिनाभरात सरकारने सगळं राज्य नियंत्रित क्षेत्र जाहीर केलं आणि गुरांचे बाजार, जत्रा, प्रदर्शनं आणि शर्यती बंद झाल्या. १६ डिसेंबर २०२१ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी दिली होती. इतक्या वर्षांच्या बंदीनंतर पट सुरू झाला आणि पहिल्याच वर्षात रोगाने तो पुन्हा बंद पाडला. न्यायालयाने घातलेली बंदी वकील लावून उठवता येते, लम्पीपुढे वकील चालत नाही.

नेमक्या कोणत्या लसी बघायच्या?

दोन लसी महत्त्वाच्या: लम्पीची आणि लाळ्या खुरकुताची, म्हणजे तोंडात आणि खुरांत फोड आणणाऱ्या रोगाची.

लम्पीसाठी आपल्याकडे शेळ्यांच्या देवीची लस, म्हणजे गोट पॉक्स, वापरली गेली. दोन्ही विषाणू एकाच कुळातले असल्यामुळे ती गुरांनाही चालते. एक मिलीलिटर, कातडीखाली, वर्षातून एकदा. दाखल्यावर "गोट पॉक्स" असं लिहिलेलं बघून काही पोरं बैल अडवतात आणि म्हणतात, ही तर शेळीची लस. ती बरोबरच आहे, बैल सोडा.

लाळ्या खुरकुताची लस दर सहा महिन्यांनी द्यावी लागते. २०१९पासून केंद्राच्या कार्यक्रमातून ती गावात येऊन फुकट टोचली जाते. त्यामुळे या लसीचा जुना दाखला म्हणजे नुसता कागद. मागच्या पोळ्याला टोचलेली लस उन्हाळ्यातल्या यात्रेत उपयोगाची नाही.

घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्याच्या तोंडावर देतात. ती झाली का हे विचारा आणि वहीत लिहा, पण केवळ त्यासाठी कुणाला परत पाठवू नका.

लस टोचून किती दिवस झालेले हवेत?

लम्पीच्या लसीनंतर अंगात ताकद तयार व्हायला साधारण तीन आठवडे लागतात. साथीनंतर जनावरांची वाहतूक पुन्हा सुरू झाली तेव्हा सरकारने २८ दिवसांची अट घातली होती. आम्ही फाटकावर तोच आकडा धरतो. एक तर तो लोकांच्या तोंडी बसलेला आहे, आणि दुसरं म्हणजे लस टोचताना बैलाच्या अंगात रोग आधीच शिरलेला असेल तर एवढ्या दिवसांत तो बाहेर दिसतो.

पंचवीस दिवस झालेत, तीन दिवसांनी काय फरक पडतो, असं म्हणणारे भेटतात. त्यांच्याशी वाद घालू नका. एकाला तीन दिवस सोडले की दुसरा आठ मागतो.

पटाच्या सकाळी फाटकावरच लस टोचून दिली तर?

नाही. त्या दिवशी टोचलेल्या लसीचा त्या दिवशी काहीच उपयोग नाही. उलट लस टोचल्यावर एक-दोन दिवस अंग कोमट होऊ शकतं, टोचल्या जागी गाठ येते, आणि अशा बैलाला जुंपून पळवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. पटाची तारीख ठरली की समितीने पहिलं काम हे करावं: परिसरातल्या गावांना निरोप पाठवावा की पटाच्या निदान दीड महिना आधी लसीकरण उरकून घ्या. पत्रिका छापायच्या आधी हा निरोप जायला हवा. आमच्याकडे व्यासपीठावर कोणाची खुर्ची कुठे यावर तीन बैठका होतात, आणि लसीचा निरोप आठवडाभर आधी व्हॉट्सॲपवर पडतो. मग फाटकावर गर्दी आणि शिव्या.

दाखला खरा की खोटा, हे ओळखायचं कसं?

हा खरा प्रश्न. इथे बहुतेक समित्या उलट्या बाजूने सुरुवात करतात. मालक खिशातून कागद काढतो, पोरगं कागद वाचतं, शिक्का दिसतो, सही दिसते, "हां भाऊ, जाऊ द्या." त्या वेळात बैलाकडे कोणी पाहिलेलंच नसतं. कागद खरा असतोही, फक्त तो गोठ्यात बांधलेल्या दुसऱ्याच बैलाचा असतो.

म्हणून आधी कान, मग कागद.

बैलाच्या कानात पिवळा टॅग असतो. त्यावर बारा आकडे असतात. तेच त्या जनावराचं नाव-गाव. मालकाला कागद काढू द्यायच्या आधी टॅगचा नंबर मोठ्याने वाचा आणि वहीत लिहा. नंतर कागद मागा आणि त्यावरचा नंबर जुळवा. सुरुवातीचे आकडे जुळले म्हणून थांबू नका, एकाच दिवशी एकाच वाड्यात टॅग मारलेल्या जनावरांचे नंबर लागोपाठचे असू शकतात आणि फरक शेवटच्या एक-दोन आकड्यांतच असतो.

हे वाचायला सोपं आहे, करायला नाही. टॅगवर चिखल, शेण आणि साजाचा रंग बसलेला असतो. बैल कान हलवतो, मान फिरवतो, नव्या माणसाला शिंग दाखवतो. मालकालाच कान धरायला सांगा, ओल्या फडक्याने टॅग पुसा, मग वाचा. पहाटेच्या अंधारात बॅटरी थेट टॅगवर मारली तर पिवळ्या प्लास्टिकवर नुसती चकाकी येते आणि तीन की आठ तेच कळत नाही, म्हणून उजेड बाजूने तिरका टाका. एकाने वाचायचं, दुसऱ्याने लिहायचं आणि लिहिणाऱ्याने परत वाचून दाखवायचं. हा नियम पाळला तर निम्म्या चुका तिथेच संपतात.

नंबर जुळला की तिसरी पायरी. टॅगच्या नंबरावर झालेलं लसीकरण भारत पशुधन या सरकारी प्रणालीत भरलेलं असतं. फाटकावर दवाखान्याचे डॉक्टर किंवा पशुधन पर्यवेक्षक बसले असतील तर ते नंबर टाकून लसीचं नाव आणि तारीख दोन्ही पाहू शकतात. ऑनलाइन नोंद आणि कागद यांत फरक निघाला तर नोंद धरा. फक्त एक लक्षात ठेवा. लस टोचली, पण नोंद भरायची राहून गेली, असंही होतं. अशा वेळी मालकाला लबाड ठरवू नका. ज्या दवाखान्याचा शिक्का आहे तिथे डॉक्टरांनी एक फोन करावा, उत्तर मिळतं. ही पडताळणी आदल्या दिवशी झाली तर सर्वात उत्तम. नाव नोंदवतानाच दोन्ही बैलांचे टॅग नंबर घ्यावेत, म्हणजे पटाच्या सकाळी फक्त कान जुळवायचे राहतात.

एका जोडीचा एकच दाखला चालेल का?

चालणार नाही. दोन बैल, दोन टॅग, दोन नोंदी. जोडीतला एक बैल घरचा आणि दुसरा पटापुरता मागून आणलेला, हे आपल्याकडे सर्रास चालतं. मागून आणलेल्या बैलाचा कागद मूळ मालकाकडे राहिलेला असतो. त्याने तो आदल्या दिवशी पाठवून द्यावा.

मोबाइलमधला फोटो दाखवला तर?

बैलाचा टॅग आणि ऑनलाइन नोंद जुळत असेल तर फोटोसुद्धा लागत नाही. नोंद सापडत नसेल तर मात्र मूळ कागदच हवा. फोटोतली तारीख बदलायला आता पोरांना दोन मिनिटं लागतात. एक दाखला फिरत फिरत तीन मालकांच्या मोबाइलमध्ये पोचल्याचंही पाहिलं आहे, तिन्ही फोटोंत कागदाचा तोच कोपरा दुमडलेला.

कानातला टॅग पडला असेल तर?

टॅग पडतो, फाटतो, कुंपणात अडकून निघून जातो. त्यात मालकाचा दोष नाही, पण नवा टॅग मारून घेणं त्याचं काम आहे. १ जून २०२४पासून राज्यात टॅग नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री आणि वाहतूक यांवर बंधनं आली आहेत, त्यामुळे विनाटॅग बैल पटापर्यंत टेम्पोत आणणं हेच मुळात अडचणीचं. गावच्या दवाखान्यात सांगितलं की नवा टॅग मिळतो आणि जुन्या नोंदी नव्या नंबरला जोडून घेता येतात.

कानाला ताजी चीर, त्यात नवाकोरा टॅग आणि कागद मात्र वर्षाचा जुना, असं दिसलं तर जुना नंबर विचारा. खरा मालक तो लगेच सांगतो किंवा घरी फोन करून काढतो.

दाखला बरोबर असूनही अंग का चाचपता?

लस झाली म्हणजे रोग होणारच नाही, असं नाही. होण्याची शक्यता कमी होते आणि झाला तर त्याचा जोर कमी राहतो. लाळ्या खुरकुतात तर लक्षणं दिसायच्या आधीपासून जनावर विषाणू बाहेर टाकत असतं. कागदावरून मागची गोष्ट कळते, आज सकाळची कळत नाही.

म्हणून डॉक्टरांनी, ते येईपर्यंत जाणत्या माणसाने, चार गोष्टी बघाव्यात.

डोळे आणि नाक. पाणी गळतंय का, शेंबूड घट्ट आहे का.

तोंड. फेसाळ लाळेची तार लोंबत असेल, बैल मचमच करत असेल तर जीभ आणि हिरड्या बघा. फोड किंवा सोललेली जागा दिसली की तिथेच थांबायचं.

खूर. दोन खुरांच्या बेचक्यात फोड किंवा जखम आहे का. बैल एक पाय झटकतोय, उभ्या उभ्या पाय बदलतोय, ही खूण टेम्पोतून उतरायच्या आधीच दिसते.

कातडी. मान, खांदा, पाठ आणि मांड्यांच्या आतल्या बाजूने सपाट हात फिरवा. लम्पीच्या गाठी दोन ते पाच सेंटिमीटरच्या, टणक, कातडीतच रुतलेल्या असतात. पांढऱ्या तापी खिल्लारी बैलावर त्या लांबूनही ओळखू येतात, पण पटाला आणलेला बैल रंगवलेला, झुलीखाली झाकलेला आणि गोंड्यांनी सजवलेला असतो. झूल काढायला सांगा. इथे मालक हमखास रागावतात, कारण साज चढवायला त्यांनी पहाटेपासून मेहनत केलेली असते. म्हणून तपासणी साज चढवायच्या आधी होईल अशी वेळ द्या आणि ती पत्रिकेतच छापा.

ताप बघायला थर्मामीटर लागतो आणि तो डॉक्टरांनीच लावावा.

"मना बैल चांगला शे, सोडी दे." अशा माणसाला काय सांगायचं?

वाद बैलाच्या तब्येतीवर नेऊ नका. तिथे मालकच जिंकणार, तो बैल त्याने वासरापासून वाढवलेला असतो. "आप्पा, तुमचा बैल चांगला आहे म्हणूनच सांगतो, आत चारशे जनावरं आहेत, त्यांतलं एखादं चांगलं नसेल आणि तुमच्या बैलाला लस नाही," एवढं म्हणा. राग गेला नाही तरी आवाज खाली येतो.

प्रवेश फी परत करा, लगेच, तिथेच, रोख. फी अडकली की माणूस फाटक सोडत नाही. आणि एक गोष्ट मनावर घ्या: ज्याला परत पाठवायचं तो समितीतल्या कोणाचा मेहुणा किंवा गावच्या पुढाऱ्याचा माणूस असला तरी उत्तर तेच राहिलं पाहिजे. एकदा मागच्या दाराने जोडी आत गेली की पुढच्या माणसाला अडवायला तुमच्याकडे तोंड उरत नाही. असली सवलत देणाऱ्या समितीने तपासणीचा खर्चच करू नये, तेवढ्या पैशात मंडप तरी मोठा होईल.

लम्पी होऊन बरा झालेला बैल आणता येईल का?

पूर्ण बरा झाला असेल तर हो. रोगातून उठलेल्या जनावराच्या अंगात प्रतिकारशक्ती असते. पण गाठी सुकून खपल्या राहिल्या असतील तर नको, कारण त्या वाळलेल्या खपल्यांतही विषाणू महिनाभर टिकू शकतो. बैल खातोय, पळतोय, मालकाच्या दृष्टीने ठणठणीत आहे, तरी खपल्या पडून कातडी भरेपर्यंत तो गोठ्यातच बरा. पाय सुजलेला असेल किंवा गाठ फुटून खड्डा पडला असेल तर शर्यतीचा विषयच काढू नका.

लस दिली की बैल मंदावतो, हे खरं का?

खान्देशात ही समजूत फार घट्ट आहे. आजचा हंगाम जाऊ दे, पुढे बघू, असं म्हणत लस टाळणारे बहुतेक मालक हेच कारण देतात.

लसीनंतर एक-दोन दिवस बैल सुस्त राहू शकतो, टोचल्या जागी सूज येते, वैरण थोडी कमी खातो. चार-आठ दिवस आराम दिला की संपलं. ज्याने लस टोचून दुसऱ्याच दिवशी बैल सरावाला काढला, त्याच्या अनुभवावरून गावभर बोभाटा होतो.

आता उलट बाजू बघा. लाळ्या खुरकुतातून उठलेल्या काही बैलांना कायमची धाप लागते. जरा ऊन लागलं की तोंड उघडून, जीभ काढून धापा टाकतात, अंगावरचे केस वाढतात, ऊन अजिबात सोसत नाही. जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तिथे असा बैल नांगराला चालत नाही, पटाचं तर नावच नको. खुरात जखम झालेला बैल बरा झाला तरी चाल बदलते. लसीने गेलेले आठ दिवस परत मिळतात, हे परत मिळत नाही.

मध्य प्रदेश आणि गुजरातच्या जोड्यांना वेगळा नियम आहे का?

लस, टॅग आणि २८ दिवस हे सगळ्यांना सारखंच. रावेर, यावल, चोपडा, शिरपूरच्या पटांना बऱ्हाणपूर-खरगोनकडून निमाडी बैल येतात, नवापूर-तळोद्याकडे गुजरातमधून येतात. टॅगची बारा आकडी पद्धत देशभर एकच असल्यामुळे तिकडच्या बैलाची नोंदही पाहता येते. फरक एवढाच की जनावर राज्याची हद्द ओलांडून येतं म्हणून वाहतुकीसाठी आरोग्य दाखलाही बरोबर हवा. त्यांच्याकडचा कागद हिंदीत किंवा गुजरातीत असतो, तेव्हा वाचता येणारा माणूस फाटकावर ठेवा. आकडे गुजरातीत लिहिलेले असतील तर तारखेचा हमखास घोटाळा होतो.

घोडे आले तर?

काही ठिकाणी घोड्यांच्या शर्यतीही असतात आणि सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा तर घोड्यांचीच. घोड्याला लम्पीही होत नाही आणि लाळ्या खुरकूतही होत नाही, त्यामुळे हे दाखले त्याला मागू नका. घोड्यात भीती ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाची. त्यावर लस नाही, रक्ताची तपासणी करून निगेटिव्ह अहवाल घ्यावा लागतो. हा रोग माणसालाही होतो, म्हणून इथे ढिलाई बिलकूल नको.

परदेशात घोड्यांच्या शर्यतींना लसीची नोंद असलेला पासपोर्टच लागतो. ब्रिटनमध्ये फेब्रुवारी २०१९मध्ये घोड्यांचा फ्लू निघाला तेव्हा लस घेतलेल्या घोड्यांनाही तो झाला, आणि सहा दिवस देशभरच्या शर्यती थांबवल्या गेल्या. आंतरराष्ट्रीय अश्वारोहण स्पर्धांत तर फ्लूची लस सहा महिने आणि एकवीस दिवसांच्या आतली हवी आणि स्पर्धेला पोचण्याआधीच्या सात दिवसांत टोचलेली नको, असा दोन्ही बाजूंनी बांधलेला नियम आहे. आपल्या २८ दिवसांना कोणी जाचक म्हणालं की हे उदाहरण द्या.

प्रेक्षकांचं कोरोना लसीचं प्रमाणपत्र अजून बघायचं का?

नाही. तो काळ गेला. २७ नोव्हेंबर २०२१च्या राज्य सरकारच्या आदेशाने कार्यक्रमांना येणाऱ्या प्रत्येकाचे दोन्ही डोस होऊन चौदा दिवस झालेले असणं बंधनकारक होतं. अठरा वर्षांखालच्यांना आणि वैद्यकीय कारण असलेल्यांना सूट होती. मोकळ्या मैदानात क्षमतेच्या २५ टक्केच माणसं घ्यायची होती. नियम मोडणाऱ्याला ५०० रुपये आणि आयोजकाला दहा हजारांचा दंड होता. १ एप्रिल २०२२पासून राज्यातले निर्बंध उठले.

त्या दिवसांतून एक गोष्ट मात्र शिकण्यासारखी आहे. कोविनच्या प्रमाणपत्रावर क्यूआर कोड होता, तो स्कॅन केला की खरं-खोटं लगेच कळायचं. तरी बहुतेक फाटकांवर माणसं मोबाइल लांबून दाखवायची आणि रखवालदार मान हलवायचा. स्कॅन करणारा विरळा, ओळखपत्राशी नाव जुळवणारा त्याहून विरळा. बैलाच्या टॅगचं तसं होऊ देऊ नका.

मालकाला लस द्यायचीच नसेल, तर सक्ती करता येते का?

समितीला सक्ती करता येत नाही, प्रवेश नाकारता येतो. सरकारचं वेगळं आहे. माणसांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ला सांगितलं की कोणाला जबरदस्तीने लस देता येणार नाही. जनावरांसाठी २००९चा संसर्गजन्य रोग प्रतिबंधाचा केंद्रीय कायदा आहे. एखादा भाग नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला की तिथल्या ठरलेल्या जनावरांना लस देणं मालकावर बंधनकारक होतं. आणि अशा भागात पटच भरवता येत नाही, तेव्हा लसीचे कितीही दाखले जमवले तरी उपयोग नाही.

परवानगीसाठी या तपासणीचा काही संबंध आहे का?

आहे. शर्यतीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, पन्नास हजार रुपयांची अनामत ठेवावी लागते, धावपट्टी हजार मीटरपेक्षा लांब चालत नाही आणि बैल पळायला योग्य असल्याचं पशुवैद्यकाचं प्रमाणपत्र लागतं. परवानगीच्या पत्रात त्या त्या वेळच्या रोगाच्या परिस्थितीप्रमाणे लसीच्या अटी टाकल्या जातात. ते पत्र फोटो काढून ग्रुपवर टाकायचं आणि कपाटात ठेवायचं, अशी आपली रीत. त्याची एक मोठी प्रत फाटकावर लावा. अट समितीने नाही, जिल्हाधिकाऱ्यांनी घातली आहे हे डोळ्यांनी दिसलं की अर्धा वाद आपोआप मिटतो.

फाटकाची मांडणी कशी करावी?

मैदानाच्या कुंपणाबाहेर, रस्त्यापासून आत, सावली असलेली जागा निवडा. टेम्पो आणि पिकअप रांगेत उभे राहतील आणि परत पाठवलेली गाडी रांग न मोडता वळून जाईल, एवढी जागा हवी. ही वळायची जागा नसते म्हणूनच कित्येकदा आजारी बैल "आता आलाच आहे तर" म्हणत आत जातो.

पहिली नजर बैल गाडीत असतानाच टाका. संशय आला तर उतरवूच नका. उतरवल्यावर टॅग, नोंद, अंग या क्रमाने तपासा. पास झालेल्या बैलाच्या शिंगाला रंगाची खूण करा, रंग दर वर्षी बदला. चिठ्ठी देऊ नका, चिठ्ठ्या आत जाऊन बाहेर येतात.

सामाईक हौद नको. प्रत्येकाने आपली बादली आणायची, समितीने टँकरच्या नळाने पाणी भरून द्यायचं. वैरणही ज्याची त्याने आणावी. लम्पी पसरवणाऱ्या डास, गोचीड आणि चावऱ्या माशांसाठी आदल्या दिवशी फवारणी करून घ्या, शेण लगेच उचला. अंग तपासणाऱ्या माणसाने दर जोडीनंतर हात धुवायचे, नाहीतर रोग फिरवणारा तोच होईल.

नोंदवहीचं पुढे काय करायचं?

महिनाभर जपून ठेवा. एखाद्या जोडीला नंतर रोग निघाला तर तिच्या आजूबाजूला कोण बांधलं होतं, हे याच वहीवरून कळतं. वहीत मालकांचे मोबाइल नंबर असतात, तिचे फोटो ग्रुपवर टाकू नका.

पटाहून परत आल्यावर बैलमालकाने काय करावं?

बैल दोन आठवडे तरी घरच्या बाकी गुरांपासून वेगळा बांधा, त्याची बादली आणि गव्हाण वेगळी ठेवा. गाडीत बैल उभा होता ती जागा धुऊन घ्या. ताप, लाळ, लंगडणं किंवा अंगावर गाठ दिसली तर जनावरांच्या उपचारासाठी असलेल्या १९६२ नंबरवर फोन करा आणि ग्रामपंचायतीला कळवा. लपवू नका. साथीच्या वेळी सरकारने लम्पीने दगावलेल्या बैलामागे २५ हजार रुपये मदत दिली, पण ती नोंद आणि पंचनामा झालेल्यांनाच. पटाच्या समितीलाही त्याच दिवशी कळवा, म्हणजे वहीतले शेजारचे नंबर काढून त्या मालकांना फोन जातील.